श्रीलंकेचे सुरुवातीचे राजे अभ्यासायला घेताय? आधी बेरीज करा

पालीच्या एमएला असा किंवा नुसती आवड म्हणून वाचत असा, नवीन माणूस विजय या पहिल्या राजाच्या गोष्टीतच अडकतो, कारण ती आहेच तशी भारी. सिंहाचा नातू, बापाने हाकलून दिलेला, सोबत अर्धं डोकं भादरलेली 700 उनाड पोरं, आणि बेटावर उतरला तो दिवस नेमका बुद्धाच्या परिनिर्वाणाचा! मग कुवेणी यक्षिणी, पुढे तिला सोडून मदुरेची पांड्य राजकन्या. त्याआधी जहाज सुप्पारकला म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याला लागलेलं, पण पोरांनी तिथेही एवढा दंगा केला की काढता पाय घ्यावा लागला, असं महावंस हा श्रीलंकेचा पाली इतिहासग्रंथच सांगतो.

आता हे खरं की खोटं यावर ग्रुपवर भांडत बसू नका. मी सरळ वहीत प्रत्येक राजाच्या कारकिर्दीची वर्षं मांडली. विजय 38, मग 1 वर्ष राजाच नाही, पंडुवासुदेव 30, अभय 20, परत 17 वर्षं राजाविना, मग अनुराधपूर वसवणारा पंडुकाभय 70 आणि त्याचा मुलगा मुटसीव 60. पंडुकाभय गादीवर बसला 37व्या वर्षी, म्हणजे गेला 107व्या वर्षी, काय तब्येत म्हणायची! बेरीज येते 236, आणि परंपरेप्रमाणे मुटसीवाचा मुलगा देवानंपिय तिस्सा याचा अभिषेक परिनिर्वाणानंतर बरोबर 236 वर्षांनी. पाचच राजे, त्यांना ताणून ताणून बसवलेत हे मग कुणी सांगावं लागत नाही. तिस्सानंतरही तेच, त्याचे भाऊ एकामागून एक गादीवर, मधे सेन आणि गुत्तिक हे दोघं तमिळ 22 वर्षं, आणि ‘असेल’ नावाचा नववा भाऊ राजा होतो तो बाप जाऊन 92 वर्षांनी.

तरी तिस्सापासून पाय जमिनीला लागतात, कारण तो अशोकाचा समकालीन, अशोकाचा मुलगा महिंद त्याच्याच काळात अनुराधपूरजवळच्या मिहिंतलेला आला आणि गुहांवर ब्राह्मी लेखही मिळायला लागतात. अभ्यास इथून सुरू करून मग मागे विजयाकडे जा, खूप सोपं पडतं.

दीपवंस हा तसाच दुसरा पाली ग्रंथ मात्र शेजारी उघडा ठेवाच. रचना ओबडधोबड आहे, वाचताना वैताग येतो, पण तो महावंसाहून जुना. त्यात कुवेणी नाहीच, आणि दुट्ठगामणी या सिंहली राजाला मोजक्याच गाथा, तर महावंसात त्याच्यावर दहाएक अध्याय. त्याने हरवलेल्या एळार या तमिळ राजालाही महावंस न्यायी म्हणतो, न्याय मागायला कुणीही वाजवावी अशा त्याच्या घंटेची गोष्ट रंगवून सांगतो. परीक्षेत सगळे लढाईच लिहितात, तुम्ही ही घंटा लिहा.