शिंपल्यांवरून समुद्राचं प्रदूषण मोजताना या चुका टाळा

समुद्राचं पाणी बाटलीत भरून तपासलं, तर फक्त त्या घटकेचं उत्तर मिळतं. सांडपाणी रात्री सोडलं आणि नमुना सकाळी घेतला, तर अहवाल स्वच्छ येतो. मसल (शिणाणे) आणि कालवं मात्र एकाच जागी चिकटून राहतात, दिवसभर पाणी गाळतात आणि त्यातले धातू, कीटकनाशकं, तेलातली संयुगं अंगात साठवत राहतात. पाण्यात जे मोजणंही अवघड असतं, ते त्यांच्या मांसात हजारो पटींनी सापडतं. एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये ‘मसल वॉच’ची कल्पना मांडली ती याच आधारावर, आणि अमेरिकेतल्या ‘नोआ’ या समुद्र आणि हवामानविषयक सरकारी संस्थेचा कार्यक्रम १९८६ पासून त्यावर चालू आहे.

पण शिंपला हा जिवंत प्राणी आहे. तो वाढतो, अंडी सोडतो, पाणी आवडलं नाही तर झडपा मिटून बसतो. या सगळ्याचा परिणाम आकड्यावर होतो. त्यामुळे निकाल बिघडतो तो बहुतेक वेळा नमुना यंत्रापर्यंत पोचण्याआधीच.

दोन जातींचे आकडे एकाच तक्त्यात मांडणं

एका ठिकाणी कालवं मिळाली, दुसरीकडे मसल, म्हणून दोन्हींची थेट तुलना केली जाते. कालवं जस्त, तांबं आणि चांदी मसलपेक्षा कितीतरी जास्त साठवतात. उलट मसल जस्ताचं प्रमाण बऱ्याच अंशी आटोक्यात ठेवतात. तेव्हा जस्ताचा जो ‘फरक’ दिसतो, तो जागेचा नसून प्राण्याचा असतो. दोन्ही जाती वापरणं भाग असेल, तर दोन्ही जिथे सापडतात अशा काही जागांवर दोन्हींचे नमुने घ्या आणि प्रत्येक जातीचा तक्ता वेगळा ठेवा. थंड समुद्रातल्या मायटिलस एड्युलिस, गॅलोप्रोव्हिन्सिॲलिस आणि ट्रॉस्युलस या मसलच्या जाती कवचावरून ओळखू येतीलच असं नाही, शिवाय त्यांच्यात संकरही होतो. कार्यक्रम वर्षानुवर्षं चालवायचा असेल, तर सुरुवातीलाच जनुकीय तपासणी करून घ्यावी.

हाताला येतील ते शिंपले उचलणं

लांबीचा पट्टा आधी ठरवा, उदाहरणार्थ ४० ते ६० मिमी, आणि तो दरवर्षी तोच ठेवा. प्रत्येक शिंपला व्हर्नियरने मोजून नोंद करा. लहान-मोठ्यांमधला फरक नंतर गणिताने काढून टाकू, हा विचार फसवा आहे. काही धातू वयाबरोबर वाढतात, काही लहान शिंपल्यांतच जास्त असतात. एकच सूत्र सगळ्यांना लागू पडत नाही.

लांबी सारखी असली तरी वय सारखं असेलच असं नाही. खडकाच्या वरच्या भागातले शिंपले जास्त वेळ पाण्याबाहेर राहतात, कमी खातात आणि हळू वाढतात. म्हणून सगळे नमुने भरती-ओहोटीच्या एकाच पातळीवरून घ्यावेत. धक्क्याच्या खांबांवरून तर घेऊच नयेत. क्रिओसोट (लाकूड कुजू नये म्हणून लावायचं डांबरी तेल) लावलेलं लाकूड, रंग किंवा जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड हे स्वतःच प्रदूषणाचे स्रोत असतात.

एका जागेवरून ७५ शिंपले घेतले, तर त्या सगळ्यांच्या मांसाचं एकच वाटण करू नका. २५-२५ चे तीन गट करा. एकाच मोठ्या गटातून सरासरी कळते, पण त्या जागेवर मुळात चढउतार किती आहे हे कळत नाही, आणि ते न कळता दोन वर्षांतला फरक खरा की योगायोगाचा हे सांगताच येत नाही.

प्रजननाचा हंगाम न पाहणं

अनेक चुकीचे निष्कर्ष इथेच निघतात. अंडी-शुक्राणू सोडण्याआधी शिंपला भरलेला असतो, सोडल्यावर मांसाचं वजन झपकन घटतं. समजा, एका शिंपल्याचं सुकं मांस १ ग्रॅम आहे आणि त्यात २ मायक्रोग्रॅम कॅडमियम हा विषारी धातू आहे. प्रजननानंतर मांस ०.७ ग्रॅम उरलं. कॅडमियम मुख्यतः पचनग्रंथीत असतं, त्यामुळे ते जवळपास तेवढंच राहतं. प्रमाण मात्र २ वरून सुमारे २.९ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम होतं. समुद्रात काहीही बदललेलं नाही, पण आलेखावर प्रदूषण दीडपट झालेलं दिसतं.

मेदात विरघळणाऱ्या पीसीबीसारख्या (क्लोरीनयुक्त औद्योगिक रसायनं) संयुगांचं उलटं होतं. अंड्यांतल्या मेदाबरोबर तीही बाहेर पडतात. म्हणून एकाच नमुन्यात कॅडमियम वर आणि पीसीबी खाली गेलेलं दिसलं, तर आधी प्रजननाचा संशय घ्या.

उपाय असा: दरवर्षी त्याच महिन्यात, प्रजननाआधी नमुने घ्या. उष्ण पाण्यात प्रजनन लांबतं किंवा वर्षातून अनेकदा होतं, तिथे कॅलेंडरवर विसंबू नका. प्रत्येक वेळी काही शिंपले उघडून जननग्रंथी भरली आहे की रिकामी ते पाहा. मांसाचं सुकं वजन भागिले कवचाचं वजन, गुणिले १०० हा सुस्थिती निर्देशांक प्रत्येक गटासाठी काढा. प्रमाणाबरोबर ‘एका शिंपल्यामागे किती मायक्रोग्रॅम’ हा आकडाही द्या. वरच्या उदाहरणात तो २ चा २ च राहतो आणि घोटाळा तिथल्या तिथे उघड होतो.

पोटातला गाळ

आतड्यात अडकलेला गाळही वाटणात जातो आणि लोह, ॲल्युमिनियम, क्रोमियम, शिसं फुगवतो. त्यासाठी शिंपले त्याच क्षारतेच्या गाळलेल्या स्वच्छ समुद्राच्या पाण्यात साधारण २४ तास ठेवतात. ते जाळीवर उचलून ठेवा, नाहीतर खाली पडलेली विष्ठा पुन्हा गाळून पोटात घेतात. मात्र तेलातली हलकी संयुगं या काळात अंगातून निघून जाऊ शकतात, म्हणून सेंद्रिय प्रदूषकांचा गट वेगळा ठेवून तो लगेच गोठवावा. पोट रिकामं करायचं की नाही याबद्दल कार्यक्रमांमध्ये एकमत नाही. जे ठरवाल ते कधीही बदलू नका. पोट रिकामं करत नसाल, तर ॲल्युमिनियम जरूर मोजा. ते अचानक चढलं की बाकीच्या धातूंकडे सावधपणे बघायचं.

सुरी, पिशवी आणि बर्फ

धातूंसाठीचे आणि सेंद्रिय प्रदूषकांसाठीचे नियम एकमेकांच्या विरुद्ध आहेत. धातू मोजायचे असतील तर स्टीलची सुरी नको, कारण तिच्यातून क्रोमियम आणि निकेल येतं. सिरॅमिक किंवा टायटॅनियमचं पातं आणि १० टक्के नायट्रिक आम्लात भिजवून धुतलेली प्लास्टिकची भांडी घ्या. सेंद्रिय संयुगांसाठी प्लास्टिक टाळायचं; सुमारे ४५० अंशांवर तापवलेली काच वापरायची.

खडकाला धरून ठेवणारे धागे ओढून काढू नका, आतलं मांस फाटतं आणि द्रव गळतो. ते कवचालगत कापा आणि नंतर मांसाला चिकटून राहिलेले धागे काढून टाका, कारण धाग्यांवरही धातू चिकटलेले असतात. शिंपले जिवंत, थंड पेटीत, पण वितळत्या बर्फाच्या पाण्यापासून दूर न्यावेत आणि २४ तासांत उघडावेत. अख्खे गोठवून पूर्ण वितळू दिले, तर पेशी फुटून द्रव वाहतो आणि त्याबरोबर धातूही जातात.

पिंजरेच प्रदूषण करतात तेव्हा

जिथे नैसर्गिक शिंपले नाहीत, तिथे स्वच्छ जागेवरचे शिंपले पिंजऱ्यात टांगतात, बहुधा चार ते आठ आठवडे. यात मुलामा दिलेली साखळी, शिशाची वजनं किंवा शेवाळरोधक तांब्याचा रंग वापरला, की निकाल पिंजऱ्याचाच येतो. नायलॉनचा दोर आणि दगड किंवा काँक्रीटचं वजन घ्या. तळापासून वर टांगा, म्हणजे उसळलेला गाळ लागणार नाही. जाळीवर वाढलेलं शेवाळ मधूनमधून काढा, कारण पाणी खेळलं नाही तर शिंपले उपाशी राहतात. आणि टांगण्याच्या दिवशीच त्याच गटातले काही शिंपले गोठवून ठेवा. हा शून्य दिवसाचा नमुना नसेल, तर मुक्कामात नक्की किती साठलं हे कळायला काही मार्गच उरत नाही.

कमी आकडा म्हणजे स्वच्छ पाणी?

नेहमीच नाही. पुराचं गोडं पाणी आलं किंवा विषारी लोट आला, की मसल झडपा मिटतात आणि तेवढा काळ त्यांच्यात काहीच नोंदवलं जात नाही. उलट, खारेपणा थोडा कमी झाला तर कॅडमियम जास्त शोषलं जातं. म्हणून क्षारता आणि तापमान यांची नोंद नसलेला नमुना अर्धाच समजा. मिथिल पारा, म्हणजे पाऱ्याचं सेंद्रिय संयुग, अन्नसाखळीत वर जाईल तसा वाढत जातो, आणि शिंपले त्या साखळीत खालच्या पायरीवर असतात. त्यासाठी मोठे शिकारी मासेच तपासावे लागतात.

सुकं की ओलं?

समजा, कॅडमियम सुक्या वजनावर ४ मिग्रॅ प्रति किलो आलं. युरोपीय संघाची खाद्य शिंपल्यांसाठीची मर्यादा १ मिग्रॅ आहे, म्हणून ‘चौपट विषारी’ असा मथळा होतो. पण ती मर्यादा ओल्या वजनावर आहे. मांसात ८२ टक्के पाणी असेल, तर ओल्या वजनावर हा आकडा ०.७२ होतो, म्हणजे मर्यादेच्या आत. पाण्याचं प्रमाण प्रत्येक गटाचं मोजा, पुस्तकातलं घेऊ नका. पारा मोजायचा असेल तर गरम भट्टीऐवजी शीतशुष्कन करा (गोठवून निर्वातात सुकवा), उष्णतेने पारा उडू शकतो.

यंत्राला जे सापडलं नाही ते शून्य लिहू नका, शोधमर्यादा, म्हणजे यंत्राला ओळखता येणारं सर्वांत कमी प्रमाण, लिहा. प्रत्येक खेपेला एक रिकामा नमुना (मांस न घालता केवळ रसायनांचा) आणि मसलच्या मांसाचा एक प्रमाणित संदर्भ नमुना (ज्यातलं प्रमाण आधीच ठाऊक असतं) चालवा. धातूंसाठी अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या मानक संस्थेचा एसआरएम २९७६ चालतो. संदर्भ नमुन्याचं उत्तर प्रमाणपत्रातल्या मूल्याशी जुळलं नाही, तर ती पूर्ण खेप पुन्हा करावी. उरलेली सुकी भुकटी जात, लांबी, तारीख, पातळी आणि क्षारता लिहून बंद बाटलीत जपा. आज कुणी मोजत नाही असं एखादं रसायन उद्या महत्त्वाचं ठरलं, तर जुन्या वर्षांचं उत्तर याच बाटल्यांतून काढता येतं.