रानात हरवलेले हद्दीचे जुने दगड कसे शोधायचे

गोराई, मनोरी, मढ या बाजूला अजून बऱ्याच मुंबईकरांच्या वडिलोपार्जित वाड्या आहेत, पण कुणी राहत नाही, जागेवर करवंद, घाणेरी आणि ताडाची रोपं माजलेली, आणि मग एक दिवस शेजारी तारेचं कुंपण घालतो तेव्हा आपल्याला आठवतं की अरे आपली हद्द नेमकी कुठे आहे? दगड बहुतेक वेळा तिथेच असतो, फक्त पालापाचोळ्याखाली गाडला गेलेला असतो. शोधायचा कसा ते सांगतो.

आधी कागद. कोयता घेऊन डायरेक्ट रानात शिरू नका, दिवस वाया जातो. सातबारावरून सर्वे नंबर आणि हिस्सा नंबर घ्या, जागा सिटी सर्व्हेत गेली असेल तर प्रॉपर्टी कार्डवरचा सीटीएस नंबर पण घ्या, आणि भूमी अभिलेखच्या ऑफिसात नकलेचा अर्ज करून गाव नकाशा, फाळणी नकाशा (सर्वे नंबरचे हिस्से दाखवणारा) आणि टिपण (मूळ मोजणीची नोंद) मागा. महाभूनकाशावर ऑनलाइन दिसणारा नकाशा आकार समजायला ठीक आहे, पण दगड शोधायला खरं कामाचं म्हणजे टिपण, कारण जुन्या मोजणीवाल्यांनी कुठल्या कोपऱ्यापासून किती अंतर ते त्यात लिहून ठेवलंय.

आता टिपणातली अंतरं साखळी आणि आण्यात असतात, त्याला घाबरायचं कारण नाही. एक साखळी म्हणजे 33 फूट, आणि तिचे 16 आणे, म्हणजे एक आणा दोन फुटाला थोडा जास्त. (33 बाय 33 फुटाचा चौकोन म्हणजेच आपला एक गुंठा, 1089 चौरस फूट.) समजा लिहिलंय 4 साखळी 8 आणे, तर साडेचार गुणिले 33, म्हणजे 148.5 फूट, साधारण 45 मीटर. सगळी अंतरं घरीच फुटात करून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, रानात घाम गाळत गणित जमत नाही.

मग एक पक्का दगड गाठायचा, ज्याबद्दल दोन्ही शेजाऱ्यांचा वाद नाही असा. रस्त्याकडेचा किंवा दोन-तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला मिळाला तर उत्तम. तिथून टेप लावत पुढच्या कोपऱ्याकडे जा. जमीन उताराची असेल तर टेप जमिनीवर लोळवू नका, आडवी ताणून धरा आणि तुकड्या तुकड्याने मोजा, नाहीतर दगडाच्या बरंच अलीकडे थांबाल आणि नको तिथे खणत बसाल. मोबाईलचं जीपीएस झाडाखाली पाच-दहा मीटर सहज चुकतं, ते फक्त जवळ पोचायला वापरा.

अंतर संपलं तिथे खुंटी मारा आणि तिच्या भोवती गोल गोल बघत जा. शेराची किंवा निवडुंगाची जुनी रांग, ढासळलेला गडगा (रचलेल्या दगडांची बुटकी भिंत), सरळ ओळीत उभे ताड, हे सगळं बांधाची खूण असतं. असे दोन गडगे जिथे काटकोनात मिळतात तो कोपरा सगळ्यात आधी साफ करा. सकाळी लवकर गेलात तर तिरक्या उन्हात जमिनीचा उंचवटा पटकन दिसतो. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना पण विचारा, "काका, पूर्वी बांध कुठून जायचा?" असं विचारलं की ते उठून चालायलाच लागतात, आणि त्यांच्या मागे चालण्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही.

आसपासच्या दगडांपेक्षा वेगळा, उभा पुरलेला, वरचं तोंड छिन्नीने सपाट केलेला दगड दिसला तर थांबा. ब्रशने शेवाळ काढा, वर फुली किंवा बाणाची खूण आहे का बघा. पहारीने हलकं ठोकलं तर सुटा दगड लगेच हलतो, पुरलेला हलत नाही. आणि हात! दगडाच्या फटीत हात कधीही घालू नका, खाली फुरसं असू शकतं, आधी काठीने पाला बाजूला करा, पायात बूट हवेतच. पावसाळ्यात जाऊच नका, फेब्रुवारी ते मे बरं, गवत वाळलेलं असतं.

सापडलेला दगड उपटायचा नाही, सरळ पण करायचा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 प्रमाणे हद्दीची निशाणी बिघडवणं दंडाला पात्र आहे, आणि एकदा हललेला दगड पुराव्याच्या कामाचा राहत नाही. जवळून आणि लांबून, मागे झाड किंवा घर दिसेल असे फोटो काढा, दोन ठळक वस्तूंपासून अंतर मोजून लिहा. तिवरांच्या बाजूला तोडातोड अजिबात नको, बंदी आहे. नॅशनल पार्कच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका, तिथले दगड वनखात्याचे, आणि बिबटे पण आहेत.

दगड सापडला म्हणजे हद्द ठरली असं होत नाही, त्यासाठी भूमी अभिलेखच्या ई-मोजणी वेबसाइटवर हद्द कायम मोजणीचा (म्हणजे सरकारी माणसाकडून हद्द ठरवून घेण्याचा) अर्ज करा, शेजाऱ्यांना नोटीस जाते, मोजणी झाल्यावर 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा मिळतो. भूकरमापक (सरकारी मोजणीवाला) यायच्या आदल्या दिवशी सापडलेल्या दगडांभोवतीची झाडी कापून ठेवा, वर चुना मारा आणि टिपणाची झेरॉक्स हातात ठेवा. शेजाऱ्याला आधीच फोन करून बोलवा, त्याच्यासमोर दगड दाखवलेला बरा.