फोमचा क्यूब जुळत नाहीये? आधी दात मोजा

भाच्याला वाढदिवसाला फोमचे क्यूब मिळाले, त्याने दहा मिनिटांत सगळे तुकडे काढून सतरंजीवर पसरले आणि "मामा, आता तू लाव" म्हणून मोकळा झाला. मग काय, रात्री साडेअकरापर्यंत मीच बसलो. तेव्हा जे शिकलो ते लिहून ठेवतोय.

हे कोडं म्हणजे हॅपी क्यूब. बेल्जियमच्या डर्क लॉरेसेन्स यांनी १९८६ मध्ये काढलेलं. एका रंगाचे सहा तुकडे, त्यांचा एक पोकळ ठोकळा करायचा. फोम ईव्हीएचा, हलक्या स्लिपरला असतो ना, तोच.

हे तुकडे एका सपाट फ्रेममध्ये बसवलेले येतात. ते काढायच्या आधी फ्रेमचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा हं. ठोकळा करणं हे एक कोडं आणि तेच तुकडे परत फ्रेममध्ये सपाट बसवणं हे दुसरं, आणि दुसऱ्याला कोणी शाबासकी देत नाही.

आता एक तुकडा हातात घ्या. ५ बाय ५ चौकटींचा चौरस आहे असं धरा. मधला ३ बाय ३ भाग भरीव, आणि कडेच्या १६ चौकटींपैकी काही भरलेल्या, त्यांना दात म्हणू, आणि काही कापलेल्या, त्या खाचा. फोमची जाडी एका दाताएवढीच असते, म्हणून दात खाचेत गेला की बाहेरून सपाट दिसतं.

नुसतं लावून बघू, कधीतरी बसेल, असं करू नका. एक तुकडा टेबलावर ठेवला तरी उरलेले पाच कुठे, कसे फिरवून, कोणती बाजू वर, हे सगळं धरून ३९,३२,१६० प्रकारे लागू शकतात. एकेकाला पाच सेकंद दिले तरी न झोपता साडेसात महिने जातील, आणि तोपर्यंत भाचा पुढच्या इयत्तेत गेलेला असेल.

म्हणून मी आधी मोजतो. पूर्ण ठोकळ्याला १२ कडा, प्रत्येक कडेच्या मधल्या ३ जागा, झाले ३६, आणि ८ कोपरे. एका जागी एकच दात मावतो, म्हणजे सहा तुकड्यांचे मिळून दात बरोब्बर ४४ हवेत, त्यातले कोपऱ्यातले ८. घरात दोन-तीन क्यूब असतील आणि तुकड्यांची सरमिसळ झाली असेल तर हे आधी मोजाच. बेरीज चुकली तर कितीही डोकं फोडा, तो ठोकळा होणार नाही.

नियम खरं तर दोनच आहेत पण कोपऱ्याचा सगळे विसरतात. दोन तुकडे एकमेकांना लावताना कडेच्या मधल्या तीन जागा अगदी उलट हव्यात, इकडे दात तर तिकडे खाच. कोपऱ्यात मात्र तीन तुकडे भेटतात, त्यामुळे दोघांचीही तिथे खाच असली तर चालतं, तिसऱ्याने दात आणायचा. दोघांचेही दात मात्र नकोत.

कागदावर लिहायचं असेल तर दाताला १, खाचेला ०, आणि प्रत्येक कड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वाचा. एकाच्या कडेच्या मधल्या तीन जागा ११० असतील तर जोडीदाराच्या ००१ हव्यात असं वाटतं ना, पण तो समोरून येतो त्यामुळे त्याच्या बाजूने वाचताना त्या १०० दिसतात. इथे मी दोनदा फसलोय. शिवाय तुकडा उलटा केला की वाचनही उलटं होतं, ११० चं ०११.

सुरुवात सगळ्यात विचित्र कड असलेल्या तुकड्याने करा, म्हणजे तीन दात सलग किंवा तीन खाचा सलग वगैरे, कारण त्याला जोडीदार कमी असतात. तो खाली ठेवा आणि त्याची बाजू बदलूच नका. आख्खं उत्तर उलटं केलं तरी उत्तरच राहतं, आरशातल्यासारखं, म्हणून एवढी मेहनत फुकट वाचते. मग चारी बाजूंना एकेक चिकटवत न बसता त्याला लागून दोन तुकडे लावून आधी एक कोपरा पक्का करा. तिथे तीन कडा आणि एक कोपरा एकदम तपासले जातात, चुकीचं असेल तर लगेच कळतं. मग चौथा, पाचवा. अडलात तर सगळं मोडू नका, शेवटचा लावलेला तुकडाच काढून फिरवून, उलटून बघा, त्याचे सगळे प्रकार संपले की मगच त्याच्या आधीच्याला हात लावा. धीर इथेच लागतो.

सहावा बसवताना जोर लावू नका, दात फाटतात. बाजूचे तुकडे थोडे बाहेर वाकवून एका कडेने सुरू करा, मग चारी बाजूंनी अंगठ्याने हळूहळू दाबत जा. काढतानाही दात ओढू नका, तुकड्याच्या मधे बोटाने आत ढकला.

आणि एखादा तुकडा सोफ्याखाली हरवला असेल तर पाच लावून बघा, नीट बसले तर उरलेल्या भोकाचा आकार म्हणजेच हरवलेला तुकडा. तेवढ्याच जाडीच्या फोमवर तो आकार पेनाने काढून कटरने कापा. आमच्या निळ्या क्यूबची एक बाजू आता गुलाबी आहे, जुन्या स्लिपरची.