मण्यांच्या माळेतून व्हँकोमायसिन

व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाची रचना काढताना साखरेपासून सुरुवात करू नका. मी तीच चूक केली आणि अर्धी वही वाया घालवली. आता इंदुरात बी.फार्मच्या मुलांना शिकवताना मी राजवाड्याजवळून मणी आणि तांब्याची तार घेऊन येते.

सात मणी ओवा, म्हणजे सात अमिनो आम्लं. पहिलं ल्यूसीन (नायट्रोजनवर मिथाइल विसरू नका, सगळे विसरतात), तिसरं अ‍ॅस्पॅराजीन, उरलेली पाच अ‍ॅरोमॅटिक (बेंझिनसारख्या) वलयांची. आता दुसऱ्या-चौथ्या आणि चौथ्या-सहाव्या वलयांमध्ये ऑक्सिजनचा पूल बांधा. पाचवं-सातवं मात्र थेट कार्बन-कार्बन. तार ओढताच माळ आखडून वाटीसारखी होते. तीच वाटी महत्त्वाची. जिवाणूची भिंत बांधणाऱ्या साखळीच्या टोकाचं डी-अ‍ॅलानिन–डी-अ‍ॅलानिन (दोन अमिनो आम्लांची जोडी) तिच्यात पाच हायड्रोजन बंधांनी अडकतं. शेवटच्या अ‍ॅलानिनऐवजी लॅक्टेट आलं की एक बंध जातो आणि पकड सुमारे हजारपट ढिली पडते. एवढ्याशा बदलाने औषध निकामी!

क्लोरीन दोन, दुसऱ्यावर आणि सहाव्यावर. साखर सर्वांत शेवटी: चौथ्यावर ग्लुकोज, त्यावर व्हँकोसामीन ही दुसरी साखर.