इंग्रजी शब्द पाठ आहेत, पण लिहिताना सुचत नाहीत? असा करा सराव

पुण्यात सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत शब्दांच्या याद्या घोकणारी मुलं दिसतात. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. मेहनत खरी असते, पण निबंध लिहायला बसलं की यातला शब्द आठवत नाही, नाहीतर भलत्याच जागी पडतो. यादीत तो एकटा असतो, वापरात मात्र ठरावीक शब्दांच्या सोबतीनेच येतो.

‘कडक’ घ्या. आपल्याकडे चहा, ऊन, सर आणि नियम, सगळेच कडक. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’, ऊन ‘स्कॉर्चिंग’, सर ‘स्ट्रिक्ट’ आणि नियम ‘स्ट्रिंजंट’. ‘स्ट्रिंजंट म्हणजे कडक’ एवढंच टिपलं तर घोटाळा होणारच. म्हणून वहीत जोडी उतरवा: ‘स्ट्रिंजंट नॉर्म्स’, ‘स्ट्रिंजंट मेझर्स’.

आधी वाचनाचा मजकूर नीट निवडा. ३०० शब्दांच्या पानावर सहापेक्षा जास्त शब्द अडले, तर संदर्भावरून अर्थ लागत नाही आणि पुस्तक अर्धवट राहतं. अप्पा बळवंत चौकात पुस्तक घेण्याआधी मधलं एखादं पान उभ्याउभ्याच वाचून पाहा.

रोज पाचच शब्द घ्या, तेही वाचनात पुन्हा भेटलेले. त्यांचा अर्थ इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी कोशात बघा. लाँगमनच्या कोशात अर्थ सुमारे २००० सोप्या शब्दांतच दिलेले असतात. मग कार्ड करा. पुढच्या बाजूला वाचलेलं वाक्य लिहा, पण शब्दाच्या जागी फक्त पहिलं अक्षर आणि रेघ. मागे तो शब्द आणि त्याच्या दोन-तीन जोड्या. पुढे शब्द आणि मागे अर्थ असं कार्ड केलं, तर शब्द ओळखता येतो, सुचत नाही.

उजळणी दुसऱ्या, चौथ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी. चुकलेलं कार्ड पुन्हा पहिल्यापासून. हा हिशेब ठेवायचा कंटाळा असेल तर ‘अँकी’ अ‍ॅप वापरा. अँड्रॉइडवर ते फुकट आहे.

मूळ धातू आणि उपसर्गांचा आधार जरूर घ्या, पण जपून. ‘इन’ म्हणजे नकार असं धरून चाललात, तर पेट्रोलच्या टँकरवरचं ‘हायली इन्फ्लेमेबल’ उलटं वाचाल. त्याचा अर्थ चटकन पेट घेणारं.

रविवारी आठवड्यातले कुठलेही चार शब्द घेऊन खडकवासल्याचं पाणी किंवा पीएमपीची बस अशा ओळखीच्या विषयावर सहा ओळी लिहा. अडखळलेल्या शब्दाचं कार्ड सोमवारी सगळ्यात वर ठेवा.