आवर्तसारणी डाउनलोड करताय? या चुका टाळा

इमेज सर्चमध्ये सगळ्यात वर आलेली रंगीत आवर्तसारणी सेव्ह करायची आणि थेट प्रिंट काढायची, ही पहिली चूक. अशा चित्रावर ना तारीख असते ना स्रोत. सारणीचं वय सातव्या आवर्ताच्या (आडव्या ओळीच्या) शेपटाकडे कळतं. अणुअंक ११३, ११५, ११७ आणि ११८ च्या चौकटींत निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसाइन, ओगानेसॉन हवेत. ही नावं नोव्हेंबर २०१६ मध्ये पक्की झाली. तिथे अजून ‘अनअनट्रियम’ छापाची तात्पुरती नावं असतील तर सारणी त्याआधीची. जुन्याच फाइलवर नवी नावं चिकटवणारेही असतात, म्हणून अणुवस्तुमानांचे आकडेही तपासा: मॉलिब्डेनम ९५.९५, सेलेनियम ७८.९७१, झिंक ६५.३८. त्याजागी ९५.९४, ७८.९६, ६५.३९ दिसले तर पुढचं वाचूच नका.

अणुवस्तुमानांसाठी आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४ मे २०२२ ची सारणी घ्या, पीडीएफ फुकट मिळते. पण तीत इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे कोणत्या उपकवचात किती इलेक्ट्रॉन ते, नाही. ते आणि आयनीभवन ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) एनआयएसटी या अमेरिकेच्या सरकारी मापन संस्थेच्या सारणीत आहे. विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची अणूची क्षमता) पबकेम या रसायनांच्या ऑनलाइन माहितीसाठ्यावर मिळेल.

संरूपण देणाऱ्या सारण्यांत सर्वाधिक गफलती होतात, कारण बऱ्याच जणांनी ते इलेक्ट्रॉन भरण्याच्या क्रमावरून यांत्रिकपणे लिहिलेलं असतं. पाच चौकटी बघा. क्रोमियममध्ये ३डी उपकवचात ५ इलेक्ट्रॉन आणि ४एस मध्ये १, कॉपरमध्ये ३डी त १० आणि ४एस मध्ये १, सिल्व्हरमध्ये ४डी त १० आणि ५एस मध्ये १. पॅलेडियममध्ये ४डी त १०, ५एस रिकामं. गॅडोलिनियममध्ये ४एफ मध्ये ७ आणि ५डी त १. यातलं एकही चुकलं तर त्या सारणीच्या बाकीच्या संरूपणांवर भरवसा कशाला ठेवायचा?

दोन सारण्यांत आकडे वेगळे दिसले की एक चुकीची, असं लगेच समजू नका. आधी एकक आणि पट्टी (मोजण्याची पद्धत) बघा. एनआयएसटी आयनीभवन ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये देते. ९६.४८५ ने गुणलं की किलोज्यूल प्रति मोल मिळतं: हायड्रोजनचे १३.५९८ म्हणजे १३१२. विद्युतऋणतेत घोळ जास्त होतो. क्लोरीन पॉलिंगच्या पट्टीवर ३.१६, तर ऑलरेड-रोचोच्या पट्टीवर २.८३. हायड्रोजनचा २.२० पॉलिंगकडून आणि क्लोरीनचा २.८३ दुसऱ्या पट्टीवरून घेतला, तर फरक ०.९६ ऐवजी ०.६३ येतो आणि बंधाची ध्रुवीयता उगाच कमी वाटते. अणुत्रिज्येचंही तसंच. क्लोरीनची ९९ पिकोमीटर ही सहसंयुज (बंधातल्या अणूची) त्रिज्या, शेजारच्या आर्गॉनची १८८ ही व्हॅन डर वाल्स (बंध नसलेल्या अणूची) त्रिज्या. एकाच रकान्यात दोन्ही छापल्या की आवर्तात डावीकडून उजवीकडे त्रिज्या घटते हा नियमच मोडल्यासारखा दिसतो.

कंसातले आकडे अणुवस्तुमान समजू नका. टेक्नेशियमसमोर कुठे ९७, कुठे ९८ असतं. तो एका समस्थानिकाचा (त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वस्तुमानाच्या अणूचा) अणुवस्तुमानांक, सरासरी नव्हे. युरेनियम किरणोत्सारी असूनही त्याचं २३८.०३ हे खरंखुरं अणुवस्तुमान आहे, कारण निसर्गात त्याच्या समस्थानिकांचं मिश्रण ठरावीक प्रमाणात सापडतं. पोलोनियमसमोर दशांश दिसले तर शंका घ्या.

गणांना (उभ्या स्तंभांना) १ ते १८ क्रमांक नसलेली सारणी टाळा. जुन्या पद्धतीत ‘३ए’ म्हणजे अमेरिकेत अ‍ॅल्युमिनियमचा गण, युरोपात स्कँडियमचा. स्कँडियम, यिट्रियमखाली लँथेनम असावं की ल्युटेशियम, यावर मात्र सारणी नापास करू नका. तो वाद खरा आहे. पाठ्यपुस्तकात जे आहे तेच लिहा.

प्रिंट ए३ वर काढा. ए४ वर संरूपणाचे घातांक वाचता येत नाहीत.

परीक्षेत मात्र प्रश्नपत्रिकेतलीच किंमत वापरा. क्लोरीन ३५.५ धरून काढलेल्या गणितात ५.८५ ग्रॅम मीठ बरोबर ०.१ मोल भरतं. प्रयोगशाळेत द्रावण करताना मिठाचं मोलर वस्तुमान ५८.४४ घ्या, बाटलीच्या लेबलवरही तोच आकडा असतो.