थंडीत घोडं सांभाळताय? या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत बेळगाव-खानापूरकडं पहाटे पारा 12-13 अंशांवर येतो. आपल्याला हुडहुडी भरते, म्हणून घोड्यालाही भरत असणार असं आपण धरून चालतो. पण पोटभर वैरण खाणारं निरोगी घोडं 5 अंशांपर्यंतची कोरडी थंडी सहज सोसतं. खरी भीती पोटशुळाची.

दोन वर्षांमागं आमच्या घोडीनं रात्रभर लीद टाकली नाही. पहाटे बघतो तर पुढच्या पायानं जमीन उकरतेय, सारखी वळून कुशीकडं बघतेय. पुढ्यात वाळका कडबा भरपूर, पण हौदातलं पाणी आदल्या संध्याकाळी होतं तेवढंच. गारठ्यानं तिनं तोंडच लावलं नव्हतं. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून औषध दिलं, म्हणून वाचली.

घोड्याला दिवसाकाठी 25-30 लिटर पाणी लागतं, कामाचं असेल तर जास्तच. थंडीत ते आपणहून कमी पितं, वर कडबा कोरडा. आतडं तुंबतं ते यामुळंच. सकाळ-संध्याकाळ बादलीत गरम पाणी मिसळून कोमट करून द्या. भिजवलेल्या कोंड्यात मूठभर नव्हे, दोन चमचे मीठ घाला. आणि रोज सकाळी लिदेचा एक गोळा पायानं फोडून बघा. ओलसर, भुसभुशीत असला तर ठीक. बारका, कडक, वर चिकट पापुद्रा असलेला गोळा दिसला की पाणी कमी पडतंय.

घोडं लोळायला लागलं तर बाटलीनं तोंडात तेल ओतू नका. ते फुप्फुसात गेलं की दुसरंच दुखणं मागं लागतं. वैरण काढून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा.

अंगात ऊब यावी म्हणून हरभरा एकदम वाढवणं हीसुद्धा घातक चूक. ऊब येते ती वैरण आतड्यात आंबते त्यातून. रात्रीची वैरण वाढवा, दाणा आहे तेवढाच ठेवा.

तबेल्याच्या फटी पोती कोंबून बुजवू नका, आत शेकोटी तर नकोच. खाली बसून, घोडं झोपतं त्या उंचीवर नाक नेऊन बघा. डोळे चुरचुरले तर मुताचा वास कोंडलाय. ओलं पिंजर, म्हणजे खाली अंथरलेला पेंढा, रोज काढा आणि वरचा झरोका उघडा ठेवा. वारा थेट अंगावर येऊ नये, एवढंच बघायचं.

शर्यतीच्या सरावाहून घामेजलेलं घोडं आलं तर तसंच बांधू नका. छाती गार होईपर्यंत हिंडवा, कोरड्या पिंजरानं चोळा, मगच झूल घाला. गोणपाटाची झूल दवानं भिजते आणि केस अंगाला चिकटतात. फुललेल्या केसांत हवा धरली जाते, तीच घोड्याची खरी झूल. म्हणून सकाळी झुलीखाली हात घालून बघा, ओल लागली की लगेच काढून उन्हात टाका.